काकू, ताट वाढलं!

परवा आमच्या ह्यांची काय फजिती झाली, ऐक. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू योनास, तो जर्मन गं, नारळीभात शिकायला आला. घोटीचा तांदूळ धुऊन ठेवला आणि म्हटलं, "आधी देवापुढे नारळ वाढव." पठ्ठ्या बाजारातून आणखी दोन नारळ घेऊन आला!

मी समजावलं, "अरे, 'फुटलं' म्हणणं अभद्र. 'वाढलं' म्हणायचं." त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

भात झाला. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तेवढ्यात खालून हाक, "काकू, ताट वाढलं!" हे मघापासून वासावरच होते. मी खाली येईपर्यंत टीव्ही सोडून, हात धुऊन टेबलाशी हजर.

योनास आला तो माझ्या काचेच्या ताटाचे दोन तुकडे घेऊन.

ह्यांनी घाबरत विचारलं, "आणि भात?"

"तोपण वाढलाय, काका. फरशीवर."