पाठीपुरता हात

बूट तिथेच काढ, हेन्ना, आणि बस आधी. हो, ते पत्र माझंच. खाली सही नाही म्हणून काय झालं — सहावीत तुला मोजे विणायला मीच शिकवलं, माझं अक्षर तू ओळखणारच. पण सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंनी स्वतः तीन जिने चढून यावं, एवढं काय लिहिलंय मी त्यात? शुक्रवारी बायकांच्या वेळेला खालच्या मजल्यावरच्या इर्मेलीनं सौनात वाफ घेताना अंग झाकून बसावं, नाहीतर वेगळी वेळ मागून घ्यावी — एवढंच ना? माहीत आहे मला, सौनात अंग झाकून कुणी बसत नाही, मला नको शिकवूस. अठ्ठावीस वर्षं आम्ही त्याच बाकावर उघड्या बसतोय. पोटं सुटलेली पाहिली, टाके पाहिले, ताइनाच्या पायांवरच्या निळ्या शिरा पाहिल्या — कुणी कुणाला अवाक्षर बोललं नाही. तेच तर म्हणतेय मी. कुणी काही बोलत नव्हतं.

आणि ही? ऑगस्टमध्ये डावा स्तन काढला, ऑक्टोबरात टॉवेल खुंटीला लावून सरळ वरच्या बाकावर. बरं, बसावं ना गप. नाही — मला म्हणते, राइली, गंमत बघ, या बाजूला घामाचा थेंब ओघळतो तो कळतच नाही, पोटावर पोचला की कळतं. गंमत! व्रणावर गार पाणी घालून बघते, मग कोमट घालून बघते — आज इथे मुंग्या आल्या, काल इथे काहीच नव्हतं. दुधाचं खोकं कुठल्या हातानं उचलायचं, कुठल्या कुशीवर निजायचं, सगळं नव्यानं शिकतेय म्हणून सांगते, आणि तोंड असं की जणू कुठे प्रवासाला निघालीय. खाली धुण्याच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा पाहिल्यास? तिच्या त्या. भिंतीवरून बोटं चालवत हात कुठवर जातो ते मोजते, आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख घालते. पासष्टीची बाई. भिंत सगळ्यांची ना? — लिहिलंय मी, तेही लिहिलंय.

मग राग येणार नाही तर काय होणार? आजार ही काय चारचौघींत मांडून बसायची गोष्ट आहे? माझ्या आईलाही तोच होता. तिनं नाही दाखवला कुणाला. शनिवारी आम्हा सगळ्यांचं आटोपलं की ती शेवटी सौनात जायची, एकटी, आतून कडी लावून. छातीत सर्दी भरलीय म्हणायची. आम्ही बहिणी बाहेर पायरीवर बसून राहायचो — आतले तापलेले दगड निवून जायचे तरी ती बाहेर यायची नाही. त्या वर्षी तिची पाठ कुणी चोळली नाही. मार्चमध्ये गेली. सर्दीनं गेली, अजून असंच म्हणतो आम्ही. त्याला अब्रू म्हणतात, हेन्ना. — कॉफी निवतेय तुझी. वेलदोड्याचा पाव घे, सकाळीच भाजलाय.

शुक्रवारी काय झालं? काही झालं नाही. ताइना आली नव्हती, आम्ही दोघीच होतो, आणि पाठ चोळायची पाळी तिची. आता पाठ म्हणजे पाठ, नाही का? चोळणारीचा हात पाठीपुरता असतो, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. हिचा हात खाकेपर्यंत आला आणि थांबला. साबणाचा हात असा मध्येच थांबतो कधी? — थांबला. आणि ती म्हणाली, "राइली, तुला हे माहीत आहे." विचारलं नाही मला, सांगितलं. त्या चवळीएवढ्या गाठीवर बोट ठेवून सांगितलं. मी बादली तिथेच टाकली, ओल्या अंगावर झगा ओढला, वर आले आणि लिहायला बसले. हो, त्याच संध्याकाळी. — कधीपासून आहे, ते बघणं सोसायटीचं काम नव्हे. जूनच्या सणाला मुगाएवढी होती. तपासणीला या म्हणून पत्र आलं होतं, पण त्याच दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मग दुसरं आलं, ते जुन्या पेपरांबरोबर गेलं. अशी बघू नकोस माझ्याकडे. असते एखादी गाठ सर्दीची. असते.

काय? — वेगळी वेळ घेते असं ती स्वतःच म्हणाली? तू पत्र दाखवलंस तिला? बरं, मग सुंठेवाचून खोकला गेला की, एवढे जिने कशाला चढलीस? — काय म्हणाली, नीट सांग. सगळ्यांचं आटोपल्यावर. शेवटी. एकटी.

मूर्ख बाई. तिला ऐकायला कुणी सांगितलं होतं? इथे येऊन चार शब्द सुनवायचे नाहीत मला? इतके दिवस तोंडाचा पट्टा चालू, आणि आता एका बिनसहीच्या कागदापुढे मान खाली घालते? भांडायला काय झालं होतं तिला? — दे ते पत्र इकडे. दे म्हणते ना. हं. फाटलं ते, आता नाही कुणाला दाखवता येणार. शुक्रवारी ती नेहमीच्या वेळेला येईल, लिहून ठेव वाटल्यास.

आणि ऊठ आता. खाली गेलीस की तिचं दार वाजव, वर ये म्हणावं, आत्ता. माफीबिफी मी मागणार नाही, ते आधीच सांग, नाहीतर ती उगाच डोळ्यांत पाणी आणून उभी राहील. त्या तपासणीच्या ठिकाणी फोन करायचाय. नंबर तिच्याकडे असेल — आणि लावायचाही तिनंच, माझं बोट नाही चालत. जा ना. बघत काय उभी राहिलीस?