घासलेलं पातं

औंढ्याच्या स्टँडवर माझ्या बाजूला दोन म्हातारे बसले होते. दोघांनाही घडीचे जुने चाकू जमवायचा नाद.

"लालसिंग, माह्या आज्याचा चाकू हाच हाय?"

"व्हय, तातेराव. पातं काळं पडलं होतं, म्हणून चिंचेत भिजवून पॉलिशपेपर मारला. आता तोंड दिसून राहिलं बघ."

"तोंड दिसतंय रे, पण आज्याचं नाव कुठंय? पात्यावर त्यानं सोताच्या हातानं कोरलेलं होतं!"

"ते नाव होतं व्हय? मला वाटलं, ओरखडे हायेत."

"आरं, घरी सून घासून टाकील म्हणून तर आज्याचे पाची चाकू तुह्याकडं ठेवले!"

"सुनेला एवढं जमलं असतं का? मी दोन दिवस घासलाय."

"बाकीचे चार आजच्या आज वापस दे."

"आज कसे देऊ? सकाळीच चिंचेत घातलेत."