चोवीस मोकळ्या जागा

मंडळी, आधी सांगा — दुसऱ्याचं लिखाण न वाचताच सुधारणाऱ्याला काय म्हणायचं? विद्वान? हसू नका, तुमच्यातही आहेत!

ऐका तर! एका तालुक्याच्या गावी त्र्यंबक हळबे नावाचे गृहस्थ. सरकारी संगणक खात्यातून निवृत्त. वाचनालयानं पुस्तिकेचा मजकूर तपासायचं काम दिलं — आणि ऐट अशी, जणू वेदच शुद्ध करायला दिलेत! ध्यास एकच — दोन शब्दांत मोकळी जागा एक, पूर्णविरामानंतर दोन. आणि मजकूर? तो कोण बघतो!

बालवाडीच्या वासंती घाग बाईंनी फाईल आणली. आईनं सांगितलेली हळदीची गाणी नि त्यांच्या आठवणी. हळबेंनी नाक मुरडलं.

"बाई, ही काय तऱ्हा टायपिंगची? कुठं एक जागा, कुठं दहा!"

"साहेब, त्या जागा मी—"

"असू द्या! तुम्हाला नाही कळायचं ते."

संगणकाच्या काळ्या पडद्यावर जास्तीच्या जागा पुसायची एका ओळीची आज्ञा टंकली, एंटर दाबलं — चाळीस पानं क्षणात एकसारखी! जुन्या फाईलवरच नवी साठवली. प्रत ठेवली? छे हो! ज्याची चूकच होत नाही, तो प्रत कशाला ठेवील?

बाईंनी पडदा पाहिला आणि पानामागून पान सरकवून बघितलं.

"आई अंथरुणावरून सांगायची, साहेब. तिला शब्द आठवला नाही, तिथं मी जागा सोडली होती. चोवीस जागा. मावशीला विचारून भरणार होते. आता कुठं काय राहिलंय, कसं कळायचं?"

"मग आईलाच विचारा ना!"

"ती श्रावणात गेली."

घ्या! आता बोला, पंडित! हळबे खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "बाई... म्हणून दाखवता?"

बाई गायला लागल्या. आई अडली होती तिथं अडायच्या, आणि हळबे बोटानं एकेक जागा सोडायचे. जन्मात पहिल्यांदा माणूस मजकूर ऐकत होता! संध्याकाळपर्यंत बावीस सापडल्या. दोन नाही सापडल्या. छापील पुस्तिकेत तिथं गाणं कसं गुळगुळीत दिसतं! चूक दिसतसुद्धा नाही — ही त्या सफाईची करामत!

हळबेंना हसलात ना पोटभर? आता स्वतःकडे बघा! घरी म्हातारी बोलता बोलता थांबते, काहीतरी आठवू बघते — आणि तुम्ही? "बरं बरं, पुढं बोल!" अरे, पुढं कुठं पळताय? जरा थांबा की तिच्यापाशी!