कापसाच्या खोलीतून हाक

—नाई म्हणलं न, मीनल घरी नाई. मायेरी गेली, वांकिडीले. धडधाकट हाय माही सून, कायले चकरा मारता पंचफुलाबाई? जरा तोंड आलं तिचं, एवढंच — दोन दिवस झाले, पाणीबी गिळवत नाई... मंग बसा. आल्याच तं बसा बाजेवर. आन् थे दवाखान्याची फाईल पिशवीत घाला, शेजारचा देवाजी पाहून राह्यला तिकून.

पांढरं? हो, पांढरंच. माह्या संतोषलेबी तसंच आलं व्हतं — जिभेवर, टाळूवर, साय धरल्यावानी. म्या म्हणलं, पोट्टा तंबाखूचा खर्रा खाते, चुन्यानं भाजलं. तुरटीची लाही चोळली, या बोटानं. रगत निघालं तरी चोळली. बुरशी भाकरीले लागते थे ठाव व्हतं मले, माणसाले लागते हे कोणं सांगतलं?

गोळ्या त्यानं नाई सोडल्या, बाई. म्या सोडाले लावल्या. दोघाच्याबी. साक्षीले, माह्या धाकट्या पोरीले, जैनथचे पाहुणे पाहाले येणार व्हते. घरात एचआयव्ही हाय हे त्याइले कळलं तं संपलंच न? म्हणलं, सोयरीक होईस्तोवर दवाखाना बंद. डब्या बियाण्याच्या पिप्यात लपवल्या. चार महिन्यानं काय होते बे, म्हणलं. जनमभर बापाचं ऐकलं नाई त्यानं, आन् ऐकलं तं हे!

मंग डोकं धरलं त्याचं. उजेड सहन होये ना, मान वाके ना. कापसाच्या खोलीत निजवला, अंधारात. तवाच तुमी आल्या न — याच दारात? संतोष पांढरकवड्याले गेला म्हणलं म्या. मले खोकल्याची उबळ आली, तुमी पाणी देल्लं... थे खोटं खोकललो, बाई. आतून हाक मारली व्हती त्यानं — "पंचफुलाबाई आल्या का?" तुमाले ऐकू जाऊ नये म्हणून खोकललो.

आठ दिवसानं दवाखान्यात नेला, पन वाचला नाई. डॉक्टर म्हणे, बुरशी डोक्यात गेली, हप्ताभर आंधी काऊन नाई आणला? हप्ताभर आंधी! हिशेब तुमीच लावा.

असं पाहू नका माह्याकडं. येत्या शुक्रवारी साक्षीचं लग्न हाय, पत्रिका वाटल्या... म्हणलं, तेवढं होऊन जाऊ द्या... हो. आतच हाय. त्याच खोलीत. कडी म्या लावली.

घ्या, काढली. उठ मीनल, जा बाईसंगं. सोयरे गेले चुलीत. न्या तिले, पंचफुलाबाई — माह्याशी नका बोलू आता. निंघा.