नवरंगाला खोटी हाक

तर मंडळी, मूळ प्रश्न एकच, सरळ सांगा! हाक मारायची आणि आपण हाकेमागं नसायचंच — याला काय म्हणायचं? भक्ती? की फसवणूक?

गप्प बसलात! बसा. देवळाचे अध्यक्षसाहेबही गप्प आहेत. त्यांची सवय आहे, वर्गणीचा हिशोब विचारला तरी असेच बसतात! — हसू नका, पुढं तुमचाही नंबर आहे.

ऐका. पुण्याचे एक गृहस्थ. प्रद्युम्न खासगीवाले. छंद काय? पाखरांचे फोटो! बायकोनं कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा म्हटलं, की गुडघा दुखतो. पाखरासाठी नऊशे किलोमीटर गाडी हाकत गोंदियाच्या जंगलात! तिथं गुडघा बरा!

कुठलं पाखरू? नवरंग! चिमणीहून थोडा मोठा, अंगावर देवानं सगळे रंग सांडलेले. तोही लांबूनच येतो बरं का — पार दक्षिणेच्या टोकाकडून. कशासाठी? संसारासाठी! पानाकाड्यांचं गोल घरटं, आत चार अंडी, नर-मादी पाळीपाळीनं बसतात. म्हणजे पाखरू आणि गृहस्थ, दोघेही प्रवासी. एक आला पोरं वाढवायला, एक आला लाइक वाढवायला!

ते घरटं होतं इमलाबाई उईके यांच्या घरामागच्या नाल्यात. इमलाबाई म्हणजे साठीची बाई, शेळ्या पाळते, कुणाला भीत नाही. साहेबांनी गाडी तिच्या अंगणात लावली. बाईंनी त्यांच्या हातातली डबी बघितली — ती डबी वाजते, त्यात नवरंगाची शीळ भरलेली.

बाई म्हणाल्या, "सायेब, हे नका वाजवू. मागच्या साली एकानं वाजवली. नराले वाटलं, दुसरा नर घुसला. गेला भांडाले. तेवढ्यात भारद्वाजानं अंडी खाल्ली जी."

भारद्वाज! ज्याचं दर्शन झालं की तुम्ही शुभ शकुन म्हणून हात जोडता, तोच! त्या अंड्यांना विचारा शुभ काय ते!

साहेब म्हणाले, "मावशी, मी काय त्याला हात लावणार आहे? नुसती हाक!" — आणि जाताना काय केलं? गाडीची चावी काढून बाईंच्या हातात दिली! का? "खिशात खुळखुळते. पाखरू बुजतं."

वा रे वा! चावी खुळखुळलेली चालत नाही, आणि डबी बोंबललेली चालते!

साहेब नाल्यात पानांच्या रंगाच्या जाळीखाली लपून बसले. डबी लावली. शीळ घुमली, नर अंड्यांवरून उठला, आला तरातरा! मान उंच, छाती फुगलेली — कुठाय तो? कोणीच नाही. कॅमेरा उचलेपर्यंत माघारी. साहेबांनी पुन्हा लावली. पुन्हा आला!

इकडं अंगणात मोहाच्या बिया फोडत बसलेल्या बाईंना ती शीळ ऐकू येत होती. त्यांनी चावी उलटीसुलटी पाहिली. एक लाल बटण. दाबलं.

अहाहा! गाडी अशी कोकलली, की शेळ्या दावी तोडायला लागल्या! साहेब जाळीसकट उठले — चोर! गाडीत दुसरी लेन्स, लॅपटॉप, सगळं! जूनच्या उन्हात चढ चढत धावत आले. बघतात तर कोणी नाही.

"काय झालं, मावशी?"

"माकड असन जी."

साहेब परत गेले. डबी लावली. बाईंनी बटण दाबलं! साहेब धावले! असं किती वेळा? सहा वेळा! पखवाजवाले बुवा, तुम्ही सम चुकाल, बाईंची एकही चुकली नाही!

सातव्यांदा साहेब नुसते सरपटत आले, आणि चावी बाईंच्या मुठीत दिसली.

"मावशी! तुम्ही?"

"हाव. मीच."

"जीव गेला माझा धावून धावून!"

"मंग धावता काऊन?"

"अहो, गाडीत माझं सगळं आहे!"

बाई म्हणाल्या, "त्याचंबी तिथं सगळंच आहे ना जी. अन् मी कुठं तुमच्या गाडीले हात लावला? नुसती हाक!"

साहेब चावी घ्यायला पुढं झाले. आणि तेवढ्यात लक्षात आलं — डबी खाली वाजतेच आहे! बंद करायची राहिली!

साहेब धावले, मंडळी! गुडघा विसरून धावले! नर डबीभोवती नाचतोय, मादी चरायला गेलेली, आणि घरट्यापासून दोन हातांवर, तांबडे पंख पसरून — भारद्वाज! गळ्यात कॅमेरा. एका फोटोत नवरंग, घरटं, शत्रू, सगळं! बक्षीस समोर उभं! आणि चावी खुळखुळू नये म्हणून जपणारा तो माणूस आडवे हात फेकत बेंबीच्या देठापासून ओरडला — "हाऽऽट! हाऽऽट!" भारद्वाज उडाला. नवरंगही उडाला. फोटो गेला!

संध्याकाळी नाल्यातून शीळ आली. खरी. साहेब अंगणातूनच ऐकत बसले. चार अंडी वाचली.

"फोटो भेटला का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग जेवून जा. पुढच्या साली या. डब्बी घरी ठेवून या."

हसलात ना पुण्याच्या साहेबाला? आता इकडं बघा! या देवळाच्या शिखरावर भोंगा आहे. रोज पहाटे पाचला काकड आरती. गळा कुणाचा? पेनड्राइव्हचा! टायमर लावलाय, गाव घोरतंय! देव बिचारा हाक ऐकून धडपडत उठतो, धावत मंडपात येतो — आणि बघतो तर काय? दोन कुत्री आणि कालचं निर्माल्य! रोज येतो हो! वर्षानुवर्षं! तुम्ही साहेबापेक्षा वाईट. तो निदान जाळीखाली जागा तरी बसला होता!

अध्यक्षसाहेब, खिसे चाचपू नका. पेनड्राइव्ह मघाशीच काढलाय, माझ्या उपरण्याच्या गाठीत आहे! उद्या पहाटे पाचला मी एकटा इथं उभा राहतो. बघू कोण येतं. बेसूर चालेल, घोगरं चालेल.

चला, करा आता देवाचा गजर — स्वतःच्या तोंडानं!