आबांचा फुल शर्ट

सनस्क्रीनवरून कुणाला शहाणपण शिकवायचं मी सोडलंय बाई. आमच्या आईमुळं.

आई लासुर्ण्यात भर उन्हात उसाच्या खुरपणीला जाते. आमच्याकडं बायका ऊन लागू नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात. आईही आबांचाच घालते. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, शर्टाची कॉलर पार विरली. म्हणून मी पुण्याहून सनस्क्रीनची ट्यूब नेली.

"किती येळ टिकतं हे?" आईनं विचारलं.

"दोन तास. मग परत लावायचं."

"म्हंजी दर दोन तासाला खुरपं ठिवून तोंड रंगवत बसू व्हय?"

मी हसले आणि ट्यूब तिथंच ठेवून आले. पुढच्या खेपेला बघते तर सीलसुद्धा फोडलेलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"आई, एवढं ऊन, त्यात हा फाटका शर्ट! लावायला काय होतं गं तुला?"

आई शेतात निघाली होती. शर्टाचं शेवटचं बटण लावून झाल्यावर म्हणाली, "ते लावलं की ऊन लागायचं न्हाय. मग ह्यांचा शर्ट घालायला मला निमित्त काय ऱ्हाईल?"