श्वासापुरती जागा

जॅझची मैफल संपली. टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे पियानोवाली आणि तिचा बास वाजवणारा भाऊ उभे होते.

"नव्या क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडचा घास काढून घेतलास तू."

"तो मध्येच थांबला, दादा."

"श्वास घ्यायला थांबला. तिघांत वाजवायचं तर एकाने जागा सोडायची, दुसऱ्याने वाट बघायची. सगळी गंमतच त्यात आहे. तू मात्र जरा शांत झालं की पियानो बडवत सुटतेस."

"कुणीतरी सावरायला नको?"

"काय सावरायचंय? बाबा क्लॅरिनेटवर असताना बरी थांबायचीस."

"थांबायचे ना. त्यांच्या शेवटच्या मैफलीतही थांबले. श्वास घेतायत असं समजून वाट बघत बसले. बाबा खुर्चीतच गेले, आणि तू खाली मान घालून वाजवत होतास."